केसरबाईंचं इंजेक्शन आणि जैनबबीचा जिना

केसरबाईंनी वजन कमी करायचं ठरवलं, ही बातमी केजमध्ये सगळ्यांत शेवटी कळली ती त्यांच्या नवऱ्याला. आप्पांना ती बसस्टँडवर कळली, तीही धारूरच्या गाडीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या एका अनोळखी माणसाकडून. "तुमच्या मंडळी बारीक व्हायल्यात म्हणं," तो माणूस म्हणाला. आप्पा एस.टी.त कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. उभ्या नोकरीत त्यांना न सांगता त्या स्टँडवरून एक गाडी सुटली नव्हती, आणि घरची बातमी मात्र सुटली. त्यांना फार लागलं.

पण दोष केसरबाईंचा नव्हता. दोष जिन्याचा होता.

बाजारपेठेत मुस्तकीमचं फळांचं दुकान आहे आणि दुकानावर त्याचं घर. त्या घरात त्याची आई जैनबबी राहते. जैनबबी ही केसरबाईंची मैत्रीण. मैत्रीण कशी, तर दोघींचे कान एकाच सोनाराने एकाच सकाळी टोचले, आणि जास्त जोरात कोण रडलं यावर त्यांचा अजून वाद आहे. बहात्तरच्या दुष्काळात दोघी एकाच कामावर खडी वाहायच्या आणि एकाच पळसाच्या पानावर सुकडी खायच्या. नंतर एक मास्तरीण झाली, दुसरीने बागवानाचं घर सांभाळलं, तरी रोज संध्याकाळी एकमेकींकडे बसल्याशिवाय दोघींना जेवण जात नसे.

वर जाणारा जिना निजामाच्या काळातला. ज्या मिस्त्रीने तो बांधला त्याला बहुधा शिडी करायची असावी आणि काम अर्ध्यावर आल्यावर त्याला कुणीतरी जिना म्हणून सांगितलं असावं. पायऱ्या गुडघ्याएवढ्या, रुंदी एका माणसाची, तोही माणूस दुष्काळातला. धरायला कठडा नाही, वरून सोडलेला दोरखंड. मध्ये एक वळण आणि वळणावर तेवढी एक ऐसपैस पायरी.

जैनबबी दोन वर्षांपूर्वी न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून ती खाली उतरलेली नव्हती. केसरबाई वर जायच्या. मग गुडघे कुरकुरायला लागले, मग अंग सुटलं, आणि मागच्या ईदेला शिरखुर्मा खाऊन उतरताना वळणावर त्यांचा उजवा गुडघा असा धरला की वर होता येईना, खाली होता येईना. शेवटी अडतीवरचे हमाल बोलवावे लागले. त्यांनी कपाशीच्या बोऱ्या उतरवण्यात हयात घातलेली, त्यांनी आपल्या पद्धतीने काम केलं. "तिरकी धर, तिरकी. खालून टेका दे बे," असं त्यांतला एकजण म्हणत होता. त्याला केसरबाईंनी चौथीत पाढे शिकवले होते. रस्त्यावर टेकवल्यावर त्याने "बाई, लागलं न्हाई ना?" म्हणून पाया पडून आशीर्वादही घेतला. केसरबाईंना तो कुठल्या तोंडाने द्यावा ते कळेना.

त्या दिवसापासून आप्पांनी जिना बंद केला. एखादा रस्ता बंद करावा तसा, "पुढील सूचनेपर्यंत".

तेव्हा दोघींचं बोलणं असं चाले. केसरबाई खाली दुकानासमोर मोसंब्यांच्या क्रेटवर बसत, जैनबबी वर खिडकीत, आणि दोघी ओरडून बोलत. मोबाइल होता, पण जैनबबी तो आरशासारखा तोंडासमोर धरायची आणि म्हणायची, "माणूस सामने न्हाई तर म्या काय भिताडाशी बोलू?" मग काय, सुनेने केलेली डाळ कशी पचपचीत होती, आप्पा झोपेत अजून गाड्यांची नावं कशी पुकारतात, कोणाच्या मुलीचं जमता जमता का मोडलं, हे सगळं अख्ख्या बाजाराला ऐकू जाई. कापडवाल्याने दुपारची झोप त्यांच्या वेळेवरून पुढे-मागे केली. समोरचा चहावाला बंकट तर त्या वेळी स्टोव्ह बारीक करायचा. तो आवाज मध्ये येतो म्हणून.

आणि एक दिवस जैनबबी खिडकीतून म्हणाली, "केसर, तुला एक सांगायचं हाय."

"सांग की."

"हितून न्हाई सांगता यायचं. तू वर ये."

बाजार एकदम गप्प झाला. तराजूचा काटा मध्येच थांबला. केसरबाईंनी वर पाहिलं. जैनबबीचा चेहरा नेहमीचा नव्हता. अशी काही गोष्ट आहे जी जैनबबीला ओरडून सांगता येत नाही, हे त्यांना पन्नास-साठ वर्षांत पहिल्यांदा कळलं, आणि रात्री भाकरी गोड लागली नाही. लागली नाही म्हणजे दोनच खाल्ल्या.

वर जायचं तर वजन उतरायला हवं होतं. खरं तर केजमध्ये वजन कमी करायचं असतं हे पूर्वी कुणाला ठाऊकच नव्हतं. उन्हाळ्यात ते आपोआप कमी व्हायचं आणि सुगीला आपोआप भरायचं. केसरबाई नोकरीला लागल्या तेव्हा इतक्या काटकुळ्या होत्या की पहिल्याच दिवशी प्रार्थनेच्या वेळी हेडमास्तरांनी त्यांना सातवीच्या मुलींच्या रांगेत उभं केलं. माणूस अंगाने भरला की त्याला 'खात्यापित्या घरचा' म्हणत, आणि लोक मान द्यायचे. तो मान नेमका कोणत्या साली काढून घेतला याची सूचना कुणी केसरबाईंना दिली नव्हती.

पुण्याला असलेल्या नातीला, संस्कृतीला, त्यांनी फोन केला. "आजी, आता इंजेक्शन निघालंय," ती म्हणाली. "आठवड्यातून एकदा पोटाला घ्यायचं. भूकच मरते."

केसरबाईंना खडीचं काम आठवलं. बहात्तर साली भूक होती आणि अन्न नव्हतं. आता अन्न होतं, तर भूक मारायचं औषध. देवाला हिशेब जमत नाही एवढंच खरं.

"पण डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही हं," संस्कृती बजावून म्हणाली. "आधी तपासण्या. जवळ चांगला डॉक्टर शोध."

हे सगळं गुपचूप करायचं केसरबाईंनी ठरवलं होतं. ते गुपित दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकलं.

"केसर, वर कदी येतीस?" खिडकीतून प्रश्न आला.

"येते की. जरा वजन उतरू दे."

"कशानं उतरवतीस?"

"इंजेक्शन निघालंय म्हणं."

एवढंच. पण बाजाराला एवढं पुरतं. बंकट चहा गाळता गाळता म्हणाला, "बाई, इंजेक्शन कावून? कोमट पाण्यात लिंबू घ्या." कापडवाल्याने जवस सुचवला. कापडवाल्याकडे उधारी मागायला आलेल्या माणसाने उधारी विसरून ओव्याचा काढा सांगितला. तलवाड्याचा एक पाहुणा मोसंबी घ्यायला थांबला होता, त्यालाही राहवलं नाही. "आमच्याकडं एक बाई कारल्याचा रस पिऊन इतकी बारीक झाली, की नवऱ्यानं वळखली न्हाई."

"मग?" केसरबाईंनी विचारलं.

"मग काय. कारलं सोडलं."

डॉक्टर मात्र कुणालाच माहीत नव्हता. बंकटच्या गिऱ्हाइकांतला एकजण म्हणाला, स्टँडच्या मागे मोबाइलच्या दुकानावर 'वजन घटवा' अशी पाटी आहे. केसरबाई तिथे गेल्या. पाटी खरी होती. पाटीखाली बाण होता, आणि बाण वर जाणाऱ्या लोखंडी जिन्याकडे होता. केसरबाई खाली उभ्या राहून विचार करत राहिल्या. ज्याला हा जिना चढता येतो त्याला वर जायची गरज नाही, आणि ज्याला गरज आहे त्याला चढता येत नाही. मग वर जातं तरी कोण? शेवटी वरूनच एक तरुण माणूस खाली आला. हातात चॉकलेटच्या वासाच्या पावडरचा डबा.

"तुम्ही डॉक्टर?"

"मी वेलनेस कोच आहे, मावशी."

"म्हणजे काय?"

"म्हणजे आधी माझं मोबाइल रिपेअरिंग होतं." त्याने डबा पुढे केला. जेवणाऐवजी ही पावडर दुधातून घ्यायची, आणि तुमच्या ओळखीच्या चार बायका माझ्याकडे आणल्या तर तुमचाही फायदा, असं त्याने समजावलं. केसरबाई अंगावरचं उतरवायला आल्या होत्या, आणखी चार बायका जोडायला नव्हे. त्या परत फिरल्या.

मग अल्ताफ भेटला. हा केज-धारूर जीप चालवतो आणि जीपमध्ये जेवढी माणसं मावतात त्याहून जास्त त्याच्या ओळखीची असतात. "बाई, माझ्या वळखीचा डॉक्टर हाय धारूरला," तो म्हणाला. "हाताला लई गुण. बसा, सोडतो." त्याने त्यांना पुढे बसवलं. केसरबाईंना वाटलं, मास्तरीण म्हणून मान दिला. जीप भरल्यावर तो मागच्यांना म्हणाला, "बाई फुडं हायत, आता घाटात काळजी न्हाई, गाडी उचलायची न्हाई." केसरबाई धारूरचा किल्ला दिसेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

डॉक्टरच्या दारात दोन शेळ्या बांधलेल्या होत्या. आत एक वासरू. केसरबाईंना वाटलं, गावाकडचा दवाखाना, माणसं जनावरं घेऊन येत असतील. मग भिंतीवरचं म्हशीचं चित्र दिसलं, आत कुठली नळी कुठे जाते ते दाखवणारं.

"अल्ताफ," त्या हळूच म्हणाल्या, "हा जनावरांचा डॉक्टर आहे."

"हाय की," अल्ताफ म्हणाला. "माझ्या साऱ्या शेळ्या मरता मरता वाचवल्या यांनी. आन् जनावराला तर सांगता बी येत न्हाई कुठं दुखायलंय. तुमचं तर सोपं काम हाय."

डॉक्टर सज्जन होते. त्यांनी केसरबाईंना खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. "बाई, माझ्याकडे लोक वजन वाढवायला येतात," ते म्हणाले. "कमी करायला तुम्ही पहिल्याच. पण आलाच आहात तर वजन तरी करून घ्या." काटा मोठा होता, तिन्ही बाजूंनी गज लावलेला. केसरबाई आत उभ्या राहिल्या. शेळ्यांचा मालक सवयीने उठून आला, त्याने आकडा पाहिला, केसरबाईंकडे पाहिलं आणि मनापासून म्हणाला, "चांगलं भरलं की." डॉक्टरांनी त्याला बाहेर बसवलं आणि सांगितलं, असल्या औषधाला साखर, रक्तदाब बघणारे माणसांचे डॉक्टर लागतात, तुम्ही अंबाजोगाईला जा.

इकडे केजमध्ये आणखी एक गोष्ट घडली होती. बंकटच्या बाकड्यावर भागवतरावांचे कार्यकर्ते बसतात. भागवतराव म्हणजे ज्यांचा फोटो केजच्या प्रत्येक विजेच्या खांबावर आहे ते. नगरपंचायतीची निवडणूक तोंडावर आली होती आणि त्यांना प्रश्न कमी पडत होते. रस्ते झाले, पाणी झालं, म्हणजे मागण्या मागून झाल्या. ते स्वतः केसरबाईंच्या घरी आले.

"बाई, तुमी आमच्या गुरू," ते म्हणाले. "तुमाला वजनासाठी धारूरला जावं लागतं, ह्यो केज तालुक्यावर अन्याय हाय."

"अहो, माझंच वजन आहे ते," केसरबाई म्हणाल्या. "तालुक्याचं नाही."

"आता तालुक्याचं हाय," भागवतराव म्हणाले आणि जाताना एक शिफारसपत्र देऊन गेले. या जिल्ह्यात शिफारसपत्राशिवाय मूल शाळेत जात नाही आणि म्हातारा दवाखान्यात जात नाही, त्यामुळे आप्पांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून घेतलं. पत्रात लिहिलं होतं: 'पत्रवाहक श्रीमती केसरबाई या आमच्या परिचयाच्या असून त्यांचे वजन कमी करण्याबाबत आपल्या स्तरावरून योग्य ते सहकार्य करावे.'

अंबाजोगाईच्या दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीने आधी आधार कार्ड मागितलं. कार्डावरचा फोटो वीस किलोंपूर्वीचा होता. तिने फोटो पाहिला, केसरबाईंना पाहिलं. "आजी, पेशंट कुठंय?" केसरबाई म्हणाल्या, "पेशंट नंतर वाढली." मग शिफारसपत्र पाहून ती गोंधळली आणि तिने त्यावर तारखेचा शिक्का मारून ते आत पाठवलं.

आत डॉ. वर्षाराणी होत्या. त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली. "बाई, हे मी तुमच्या वजनाला वाचून दाखवू का?" त्या अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, आणि मग हसल्या. तेव्हा केसरबाईंना ओळख पटली. तिसरीच्या वर्गात दारापाशी बसणारी, सारखी वाकडी उभी राहणारी वर्षाराणी.

"बाई, काट्यावर या. सरळ उभ्या राहा. हलू नका."

ही शेवटची दोन वाक्यं केसरबाईंनी तीस वर्षं दुसऱ्यांना म्हटलेली होती. स्वतःला ऐकायला ती कशी लागतात हे त्यांना माहीत नव्हतं. त्या सरळ उभ्या राहिल्या, आणि हलल्या नाहीत.

लगेच काही मिळालं नाही. रक्त दिलं, साखर पाहिली, थायरॉइड पाहिलं, घराण्यात कुणाला काय होतं ते विचारलं, रिपोर्ट आल्यावर परत बोलावलं. आप्पांनी सगळे रिपोर्ट गाड्यांच्या वेळापत्रकासारखे क्रमाने लावले. परत गेल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "देता येईल. थोड्या मात्रेने सुरू करू. पण ही जादू नाही. मळमळेल, भूक मरेल, बरेच महिने जातील. सोबत पायांचा व्यायाम करायचा. नुसत्या इंजेक्शनचं गुडघा ऐकत नसतो."

"जिना कधी चढता येईल?"

"कुठला जिना?"

केसरबाईंनी सांगितलं. वर्षाराणी लिहिता लिहिता थांबल्या. "जैनबखालाचा? तो दोरखंडाचा?" लहानपणी त्यांनी त्या दुकानातली केळी खाल्ली होती. "बाई, घाई करू नका. पडलात तर दोघी दोन खिडक्यांत बसाल आणि मधल्या लोकांना बहिरं कराल."

इंजेक्शन थंड ठेवायचं होतं. औषधवाल्याने थंडाव्याची थैली दिली, पण आप्पांचा प्लास्टिकवर विश्वास नव्हता. त्यांनी बाजारातून एक नवं बारकं मडकं घेतलं, त्यात थैलीसकट औषध ठेवलं, तोंडाला ओलं लाल फडकं बांधलं आणि एस.टी.त ते मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले. शेजारी केसरबाई. तपासण्या, प्रवास आणि उन्हाने त्या थकून डोळे मिटून, तोंडावर पदर घेऊन बसलेल्या.

गाडीत उभा असलेला एक म्हातारा वाकून बघायला लागला. त्याने टोपी काढली. मडक्याला हात जोडले. मग मागच्या बाईने जोडले. कंडक्टरने तिकीट न मागता हलक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं, आप्पा?"

"कोणी नाही," आप्पा म्हणाले. "यांचं आहे."

हे उत्तर बरोबर होतं, फक्त त्या गाडीपुरतं नव्हतं. अर्धी गाडी केजच्या आधीच उतरली आणि गावोगाव ऐकलेलं पसरवायला गेली. काहींना वाटलं, बाईंच्या माहेरचं कुणी गेलं. पदराआडचा चेहरा ज्यांना दिसला नाही, त्यांना आणखी काही वाटलं.

इंजेक्शन सुरू झालं आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसंच झालं. भूक मेली. फोडणीचा वास आला की केसरबाई मागच्या दारी जाऊन उभ्या राहायच्या. बाजारात जाणं बंद झालं. आता आपल्याकडे एखादा माणूस बाजारात दिसेनासा झाला आणि घरी पडून आहे असं कळलं, की त्याला बघायला जावं लागतं, आणि रिकाम्या हाताने जाता येत नाही. बिस्किटांचे पुडे आले. सफरचंदं आली. शहाळी आली. शेजारच्या मंजुळाबाईंनी तर ताकद यावी म्हणून डिंकाचे लाडू आणले आणि समोर बसून राहिल्या, एक खाल्ल्याशिवाय हलेनात. केसरबाईंनी लाडू पदराखाली धरला आणि आप्पांकडे सरकवला. आप्पांनी खाल्ला. आप्पा सगळंच खात होते, कारण आलेलं अन्न टाकायचं नसतं. महिनाभरात केसरबाईंचं पोलकं सैल झालं आणि आप्पांच्या पायजम्याची नाडी पुरेना. घरातलं एकूण वजन होतं तेवढंच राहिलं, फक्त त्याने जागा बदलली.

केसरबाईंना त्याचं काही वाटत नव्हतं. त्या पायाला वाळूची पिशवी बांधून पलंगावर बसून पाय उचलत, आणि मनात एकच घोळत असे. जैनबला काय सांगायचं होतं?

आणि मग भागवतरावांचा फ्लेक्स लागला.

बाजारपेठेतली मोक्याची जागा म्हणजे बंकटच्या टपरीवरची, मुस्तकीमच्या दुकानासमोर. रातोरात तिथे दोन मजली फ्लेक्स उभा राहिला. 'केज येथे वजन नियंत्रण केंद्र झालेच पाहिजे' अशी मागणी होती. खाली भागवतराव हात जोडून, त्यांच्याखाली बारा कार्यकर्ते हात जोडून. आणि मधोमध केसरबाई. फोटो त्यांच्या निवृत्तीच्या सत्काराचा. खांद्यावर शाल, गळ्यात हार, आणि नेमके त्या क्षणी डोळे मिटलेले.

मुस्तकीमचा फोन आला तेव्हा आप्पा शहाळं पीत होते.

"आप्पा, केसरखालाला घेऊन या लवकर. अम्मी जिन्यात उतरायल्यात. मधी वळणावर बसल्यात. वर येईनात, खाली येईनात. नुसत्या रडायल्यात. मयतीला जायचं म्हंत्यात."

"कोणाच्या?"

मुस्तकीमने आवाज खाली आणला. "खालाच्या."

फ्लेक्स, हार, शाल, मिटलेले डोळे, खाली हात जोडलेली माणसं. अक्षरं जैनबबीला वाचता येत नव्हती. तिला उर्दू येतं, आणि असल्या फ्लेक्सचा अर्थ आपल्याकडे वाचायची गरजही नसते. गाडीतल्या मडक्याची गोष्ट तिच्यापर्यंत आधीच आली होती.

"अरे, सांग की तिला, जिवंत आहे म्हणून," आप्पा म्हणाले.

"सांगितलं. म्हंत्यात, म्हाताऱ्या माणसाला असंच सांगतेत. मामू वारले तवा बी आमी 'दवाखान्यात हायत, बरे हायत' म्हनलतो."

केसरबाई चपला न घालताच निघाल्या.

जिन्याच्या तोंडाशी गर्दी होती. त्यांना पाहून गर्दी बाजूला झाली, एकदोघे जरा जास्तच बाजूला झाले. केसरबाईंनी खालून हाक मारली. "जैनब. मी आहे. केसर."

वरून रडका आवाज आला. "आवाज तर तिचाच हाय. मुस्तकीम, मोबाइल बंद कर. मुडद्याच्या आवाजाची मस्करी करू न्हाई, बेटा."

"अगं, खरंच मी आहे."

"मेल्यावर बी वाद घालायली," वरून उत्तर आलं, आणि हुंदके वाढले.

आप्पा म्हणाले, "थांब, हमाल बोलावतो." केसरबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते दोन पावलं मागे सरले. केसरबाईंनी दोरखंड धरला. एक पाय टाकला. गुडघा म्हणाला, नाही. त्यांनी पुन्हा टाकला. गुडघ्याने पुन्हा नाही म्हटलं.

मग केसरबाई वळल्या, पाठ जिन्याकडे केली, आणि सगळ्या बाजारासमोर पहिल्या पायरीवर बसल्या. पदर कमरेला खोचला. हात मागे टेकले, पाय रेटले, आणि बसल्या बसल्या वरच्या पायरीवर सरकल्या. मग त्याच्या वरच्या. तोंड बाजाराकडे आणि पाठ जैनबबीकडे, अशा त्या वर जाऊ लागल्या. बाजार खाली उभा राहून त्यांचा चेहरा हळूहळू उंच होताना बघत होता. पाढे शिकलेला तो हमाल बघत होता. कापडवाला बघत होता. केसरबाईही त्यांच्याकडे बघत होत्या, दुसरीकडे बघायला जागाच नव्हती. हा उपाय कुठल्या डॉक्टरने लिहून दिला नव्हता, त्याला चिठ्ठी लागत नव्हती आणि तो कालही करता आला असता, किंवा ईदेच्या दुसऱ्या दिवशी. त्यांना कधी सुचला नव्हता, कारण मास्तरीण पायरीवर बसून सरकत नसते.

वळणावर त्यांची पाठ कशाला तरी टेकली.

जैनबबीचे हात मागून आले. आधी खांद्यावर, मग गळ्यावर, मग चेहऱ्यावर. नाक, कपाळ, कानातल्या कुड्या.

"गाल कुठं गेले?" तिने विचारलं.

"अंबाजोगाईला."

जैनबबी रडता रडता हसली आणि मग तिने केसरबाईंच्या पाठीत एक धपाटा घातला, जो खालपर्यंत ऐकू गेला. दोघी त्या ऐसपैस पायरीवर शेजारी बसल्या. ती तितकी ऐसपैस नव्हती. वरून मुस्तकीमची बायको खुशनुमा वाकून बघत होती, तिला खाली येता येईना. खालून मुस्तकीमला वर जाता येईना.

"आता सांग," केसरबाई हळू आवाजात म्हणाल्या.

जैनबबीने तोंड त्यांच्या कानाजवळ नेलं. "मला दिसत न्हाई गं, केसर. मोठं मोठं दिसतं, बाकी सगळं धुरकट. सहा महिने झाले. लोकांना आवाजावरून वळखते. मुस्तकीमला सांगितलं न्हाई. त्यो आप्रेशन करू म्हनल. मला भेव वाटतं. त्याच्याच दुकानावरून वरडून कसं सांगू? तू यायचीस खाली, म्या तुला बी नुस्ती सावली बघायचे."

 केसरबाईंनी तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. खाली बाजार गप्प होता. स्टोव्ह बंद होता. तराजू रिकामे होते. माणसं मान वर करून उभी होती, आणि कुणाला एक शब्द ऐकू येत नव्हता.

"मोतीबिंदू असंल," केसरबाई म्हणाल्या. "आधी बघू तर दे त्यांना. मी येते तुझ्यासोबत. मला आता सगळे दवाखाने पाठ झालेत. जनावरांचासुद्धा."

"हात धरून बसशील?"

"बसेन. तेवढं बसायला अजून शिल्लक आहे माझ्यात."

जिन्यात पावलं वाजली. बंकट दोन कप चहा घेऊन एकेक पायरी चढत येत होता. इतक्या सावकाश तो जन्मात चढला नव्हता. वळणाखाली येऊन तो उभा राहिला, कप पुढे केले, आणि उभाच राहिला.

"बंकट," केसरबाई म्हणाल्या, "चहा ठेव, आणि कान घेऊन खाली जा."

बंकट खाली गेला. खाली सगळ्यांनी त्याला घेरलं. "काय म्हनल्या? काय चाललंय?"

बंकटने गमछ्याने हात पुसले. "काय की," तो म्हणाला. "हळू बोलायल्यात."